विजेचा हौद : घरच्या बॅटरीचे माप आणि तिची निगा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात बॅटरीवर भाषण कशाला, आणि तेही मराठी व इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांनी का द्यावे? याचे उत्तर सोपे आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत दहावी-बारावीच्या मुलामुलींचा अभ्यास रात्री होतो आणि वीज नेमकी रात्रीच जाते. त्यावर उपाय म्हणून आपल्यातील बहुतेक कुटुंबांनी इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली आहे. कुणी आखाताहून पाठवलेल्या पैशांतून घेतली, कुणी आंब्याच्या हंगामाच्या पैशांतून. मुलाची किंवा मुलीची वर्षाची फी भरता येईल इतके पैसे त्या एका काळ्या पेटीत असतात. ती पेटी आठ वर्षे चालायची ती तीन वर्षांत निकामी होते, तेव्हा आपण म्हणतो, "कंपनी वाईट." मला जे दिसले ते असे की, दहांतील सात-आठ वेळा कंपनी वाईट नसते, माप चुकलेले असते, नाहीतर निगा राहिलेली नसते. विज्ञान शिकवणारे आमचे सहकारी या विषयातील समीकरणे माझ्यापेक्षा चांगली सांगतील. मी हिशेब तेवढा सांगणार आहे.

३ जून २०२० हा दिवस आपण कुणीच विसरलो नाही. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोलीपर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि विजेचे खांब हजारोंनी पडले. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून गेले आणि पुन्हा अंधार झाला. त्या वेळी एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होता त्यांचाही दिवा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री विझला. इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही, तो साठवलेली वीज देतो. महावितरणची तार तुटली की साठा भरणारा कुणी उरत नाही. ज्यांनी पत्र्यावर एखादे सौर पॅनेल बसवले होते, त्यांच्याकडे अख्ख्या वाडीचे मोबाईल चार्जिंगला येत होते. शाळा तेव्हा मोबाईलवर भरत होती हेही ध्यानात घ्या.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरांवर अनुदानातून पॅनेल बसत आहेत. योजना चांगली आहे आणि बिल उतरते. परंतु त्यांतील साधी, बॅटरी नसलेली व्यवस्था तारेतली वीज गेली की आपोआप बंद पडते. ती मुद्दाम तशीच केलेली असते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरची वीज उलटी जाऊन धक्का बसेल. त्यामुळे माथ्यावर रखरखीत ऊन आणि घरात अंधार असा प्रकार घडू शकतो. वादळातही दिवा हवा असेल तर बॅटरी लागतेच, आणि बॅटरी आली की तिचे माप आले.

हे माप समजावून घेण्यासाठी आपल्या मशिदीतला हौद डोळ्यांसमोर आणा. हौद बांधताना कारभारी तीन गोष्टी विचारतात : वजू करणारे किती, पंप किती पाणी टाकतो, आणि पंप बंद पडला तर किती नमाजांपर्यंत पाणी पुरायला हवे. बॅटरी हा विजेचा हौद, पॅनेल हा पंप आणि घरातले पंखे-दिवे हे वजू करणारे. दुकानात गेल्यावर मात्र आपण तीनपैकी एकही प्रश्न विचारीत नाही. "शेजाऱ्याकडे दीडशेची आहे, आम्हांलाही दीडशेची द्या," एवढेच म्हणतो.

आता वही घ्या. मुलांनो, हा हिशेब सातवीच्या मुलालाही येतो. वॉटला तासांनी गुणायचे की वॉट-तास होतात. हजार वॉट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट. पाच माणसांचे एक घर धरू. ९ वॉटचे चार एल. ई. डी. दिवे पाच तास : १८० वॉट-तास. दोन पंखे आठ तास. साधा जुना पंखा ७५ वॉट खातो. हल्ली मिळणारा बी. एल. डी. सी. पंखा सुमारे ३० वॉट. तो धरला तर दोघांचे ४८०. चार मोबाईल भरायला १००. ५० वॉटचा टी. व्ही. दोन तास : १००. बेरीज ८६०.

बहुतेक लोक येथेच थांबतात, परंतु वहीत आणखी एक ओळ लिहायची राहिली. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर एकही दिवा नसला, तरी तो स्वतः दहा ते वीस वॉट खातो. १५ वॉट धरा आणि चोवीस तासांनी गुणा. ३६० वॉट-तास झाले, म्हणजे चारही दिव्यांच्या दुप्पट. हा घरातला न दिसणारा पाहुणा आहे. जेवतो सर्वांआधी आणि पानावर दिसत नाही. यास्तव सौर व्यवस्थेत दिवसा गरज नसेल तेव्हा इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करण्याची सवय लावावी. आपण तो रात्रीपुरता १४ तास चालू ठेवला आणि चांगल्यापैकी, १० वॉट खाणारा घेतला असे धरू. १४० मिळवले की बरोबर १००० होतात. बॅटरीच्या विजेचे घरातल्या विजेत रूपांतर होताना दहावा हिस्सा तरी उष्णतेत जातो, म्हणून बॅटरीतून सुमारे ११०० वॉट-तास उपसावे लागतील.

बाजारात बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले नसतात, ॲम्पिअर-अवर लिहिलेले असतात. त्यांना व्होल्टने गुणायचे. १२ व्होल्टची १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. मग ११०० ला ही भरपूर झाली की! नाही. शिसे आणि ॲसिड यांची बॅटरी तळापर्यंत उपसायची वस्तू नाही. रोज सुमारे ऐंशी टक्के उपसली तर ती जितक्या रात्री देते, त्याच्या साधारण दुप्पट रात्री अर्ध्यावर थांबल्यास देते. म्हणून रोजच्या वापरासाठी अर्धी बॅटरी आपली आणि अर्धी तिची स्वतःची, असे धरावे. ११०० चे २२०० झाले. भागिले १२ म्हणजे १८३. तेव्हा या घराला २०० ॲम्पिअर-अवरची एक चांगली ट्यूब्युलर बॅटरी एका रात्रीसाठी योग्य होय. दुसऱ्या दिवशी ऊन पडलेच नाही, तर त्या रात्री पंखे बंद ठेवून दिव्यांपुरते भागवता येईल.

हाच हिशेब जुन्या ७५ वॉटच्या पंख्यांनी करून पाहा. दोन पंख्यांचे ४८० चे १२०० होतात, बेरीज १७२० वर जाते, बॅटरीतून १९०० च्या वर उपसावे लागतात आणि बॅटरी ३२० ॲम्पिअर-अवरच्या घरात येते. म्हणजे एकाऐवजी दोन बॅटऱ्या. दोन पंखे बदलण्याचा खर्च एका बॅटरीच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी आहे. म्हणून मी पालकांना नेहमी सांगतो की बॅटरीच्या दुकानात जाण्यापूर्वी पंख्याच्या दुकानात जा. आपल्याकडे इसराफ म्हणजे उधळपट्टी हा शब्द लग्नाच्या दावतीबद्दल ऐकू येतो. छताला लटकून फिरणारा इसराफ कुणाच्या नजरेस येत नाही.

खरेदी करताना लेबलावरचे एक अक्षर अवश्य वाचावे. १५० ॲम्पिअर-अवर पुढे 'सी-१०' किंवा 'सी-२०' लिहिलेले असते. सी-१० म्हणजे दहा तासांत सावकाश उपसली तर १५०, म्हणजे ताशी १५ ॲम्पिअर. सी-२० म्हणजे वीस तासांत उपसली तर १५०, ताशी साडेसात. बॅटरी जितकी घाईने उपसावी तितकी ती कमी देते. यामुळे सी-२० ची दीडशे ही सी-१० च्या दीडशेपेक्षा प्रत्यक्षात लहान असते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बॅटऱ्यांच्या किमतीत फरक का, याचे उत्तर पुष्कळदा या अक्षरात असते. त्याचप्रमाणे वॉरंटीचे '३६ अधिक ३६' हे शब्द पाहून सहा वर्षे निश्चिंत होऊ नये. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी बदलून मिळते. पुढच्या ३६ महिन्यांत नव्या बॅटरीच्या किमतीत ठरलेली सूट मिळते, एवढाच अर्थ. कार्डावर तारीख, शिक्का आणि बॅटरीचा क्रमांक दुकानातच भरून घ्यावा. कार्ड कोरे घरी आणणारे लोक आपल्यात फार आहेत.

आता पंपाकडे, म्हणजे पॅनेलकडे वळू. बॅटरीतून ११०० वॉट-तास काढायचे तर तिच्यात सुमारे १४०० घालावे लागतात, कारण भरतानाही काही वाया जाते. पॅनेलवर ४०० वॉट लिहिलेले असले तरी आपल्या उन्हात ते तापते, वर धूळ आणि समुद्राचा क्षार बसतो. तीन-चतुर्थांश मिळाले तरी पुष्कळ. ऑक्टोबर ते मे रोज पाच तासांचे सणसणीत ऊन धरा : ४०० चे ३०० आणि ३०० गुणिले पाच म्हणजे १५००. भागले. पण जुलैत? जुलैत सरासरी तीन तासांइतकेच ऊन हाती लागते असे धरले तर ९०० येतात आणि आभाळ उतरून बसले की त्याच्याही खाली. रोज पाचशेची तूट. येथे आपली माणसे हमखास एक गोष्ट करतात : पावसाळ्यात वीज पुरत नाही म्हणून दुसरी बॅटरी घेतात. अहो, पंप तोच, पाणी तेवढेच, आणि तुम्ही हौद दुप्पट बांधलात! पूर्वी एक बॅटरी उपाशी होती, आता दोन उपाशी राहतील.

बॅटरीला भरताना तिच्या आकड्याच्या दहावा हिस्सा तरी ॲम्पिअर मिळाले पाहिजेत, म्हणजे २०० च्या बॅटरीला २०. आपले ४०० वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात २२ देते. दोन बॅटऱ्या जोडल्यात की हे प्रमाण वीसाव्या हिश्शाजवळ येते. मग बॅटरी कधी उकळीला येत नाही, जड ॲसिड तळाशी आणि हलके पाणी वर असे थर बसतात आणि प्लेटी खालून खराब होऊ लागतात. पावसाळ्याला खरा उपाय पॅनेल वाढवणे हा आहे. ४०० चे ६०० केले तर जुलैतही सरासरी १३५० पर्यंत जाता येते. उन्हाळ्यात बॅटरीत फाजील करंट जाऊ नये म्हणून कंट्रोलरवर मर्यादा लावून घ्यावी. शिवाय पावसाळी रात्री एक पंखा बंद ठेवला तरी कुणाला घाम येत नाही. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्या अक्षांशाला साजेसे सुमारे १८ अंश कलते बसवावे. माडाच्या एका झावळीची सावलीही चालू देऊ नये, कारण थोडी सावली पडली तरी सबंध पॅनेलचे उत्पन्न बरेच घसरते.

असो. मापाचे एवढे पुरे. आता निगा, आणि त्यात सर्वांत आधी बंद घरांचा विषय. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात वर्षातले अकरा महिने कुलूप असलेली घरे आहेत. माणसे मुंबईला, कुवेतला, दुबईला, आणि घरात बॅटरी तशीच जोडलेली. वीज गेली, किंवा जाताना कुणी मेन स्विच बंद केला, की तो न दिसणारा पाहुणा १५ वॉटने १८०० वॉट-तास पाच दिवसांत संपवतो. त्यानंतर बॅटरी दहा महिने रिकामी पडून राहते. ईदला घर उघडले की ती मेलेली असते.

ती का मरते हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. ही बॅटरी १८५९ साली गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली आणि १८८१ साली कामीय फोर याने तिच्या प्लेटींवर शिशाचा लेप देण्याची रीत काढली. मूळ कल्पना अजून तीच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये पाणी मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल. वीज उपसली की दोन्ही प्लेटींवर शिशाचे सल्फेट बसते आणि आम्ल पातळ होत जाते. पुन्हा भरली की सल्फेट विरघळून आम्ल घट्ट होते. हे सल्फेट ताजे असते तोवर पिठासारखे बारीक असते. बॅटरी रिकामी राहिली तर त्याचे खडे होतात, आणि खडे झाले की भरूनही ते परत विरघळत नाहीत. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी ठेवली तर काय होते ते घरोघरच्या आयांना माहीत आहेच. म्हणून उपसलेली बॅटरी शक्यतो त्याच दिवशी पूर्ण भरली पाहिजे. घर बंद करताना बॅटरी पूर्ण भरून, पाणी घालून, इन्व्हर्टरची तार सोडवून ठेवावी. पॅनेल असेल तर ते कंट्रोलरमार्फत जोडलेलेच राहू द्यावे, इन्व्हर्टर मात्र बंद ठेवावा. आणि किल्ली शेजारच्या चाचांकडे द्यावी. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आत जाऊन पाणी पाहिले पाहिजे.

पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. आपल्या विहिरींचे पाणी कितीही गोड लागले तरी त्यात क्षार असतात, समुद्राकाठी तर अधिकच. ते प्लेटींना खातात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी किंवा पागोळीचे पाणी काही लोक घालतात. त्यात धूळ आणि धातूचा अंश येतो. पंधरा लिटर शुद्ध पाण्याला जे पैसे पडतात ते वाचवण्यासाठी हजारोंची बॅटरी पणाला लावू नये. पाणी बॅटरी पूर्ण भरल्यावर खुणेपर्यंत घालावे. रिकाम्या बॅटरीत काठोकाठ घातले तर भरताना पातळी चढून आम्ल बाहेर येते. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच घालून, मग चार्ज करून, उरलेले घालावे. आणि ॲसिड कधीही, कुणीही सांगितले तरी, वरून घालू नये. बॅटरीतून उडून जाते ते पाणी. ॲसिड आतच राहते. "ॲसिड बदलून देतो, बॅटरी नवी होईल" म्हणून मोटारसायकलवरून फिरणारे कारागीर येतात. चार दिवस बॅटरी उसळते आणि मग कायमची बसते, तोवर कारागीर दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो.

बॅटरीची नाडी पाहायची तर काचेचा हायड्रोमीटर घ्यावा. वैद्यकीय दुकानातल्या थर्मामीटरपेक्षा फार महाग नसतो. सहा बुचे, सहा घरे. प्रत्येक घरातले थोडे आम्ल ओढून आकडा वाचायचा आणि परत त्याच घरात सोडायचे. पाणी घातल्याबरोबर हे करू नये. ते मिसळू द्यावे. मिस्त्री लोक याला 'ग्रॅव्हिटी' म्हणतात. आपल्याकडच्या पुष्कळ ट्यूब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण भरल्यावर ती १.२४० च्या आसपास असते. आपल्या बॅटरीचा आकडा तिच्या कार्डावर पाहावा. १.१८० वर आली की ढोबळ मानाने निम्मी उपसली. उन्हाळ्यात आम्ल तापून आकडा थोडा कमी दिसतो. दर १० अंशांमागे सुमारे ०.००७ मिळवावे. विद्यार्थ्यांसाठी एक गंमत : हा आकडा आणि ०.८४ यांची बेरीज केली की त्या एका घराचे व्होल्ट निघतात. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, गुणिले सहा म्हणजे जवळपास साडेबारा. काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीला मल्टीमीटर लावून पडताळा घ्या.

एक आकडा पाहून फार कळत नाही. सहांची तुलना करायची असते. पाच घरे १.२४० आणि एक १.२०० असेल तर ते एक घर आजारी आहे. सुरुवातीलाच कळले तर कंट्रोलरमधून काही तास जरा चढा चार्ज देऊन, ज्याला इक्वलायझेशन म्हणतात, ते पुष्कळदा सावरते. वर्षभराने कळले तर सबंध बॅटरी जाते, कारण सहा जणांची सांगड आहे, एकाने ओढले की सगळे थांबतात. याच कारणाने जुन्या बॅटरीला नवी बॅटरी जोडू नये. म्हातारी तरुणीलाही आपल्या वयाला आणते. दोन हव्या असतील तर दोन्ही एकदम, एकाच जातीच्या घ्याव्यात.

समुद्राच्या हवेत टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरते. ती खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी. सोड्याचे पाणी बुचांतून आत जाता कामा नये. कोरडे करून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. नट सैल राहिला की तेथे तार तापते. १२ व्होल्टवर ६०० वॉट ओढले तर ५० ॲम्पिअर वाहतात. त्याला घरातल्या दिव्याची वायर चालत नाही. जाड केबल, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. या दोन वस्तूंत काटकसर करणाऱ्या मिस्त्र्याला दुसरे कामही देऊ नये.

उष्णता हाही बॅटरीचा शत्रू आहे. २५ ते २७ अंशांना जितके आयुष्य, त्याच्या जवळपास निम्मे दहा अंश जास्त तापमानाच्या जागी. पत्र्याखालचा पोटमाळा थंड वाटत नाही ना? मग तेथे ती नको.

आता धोक्याचे बोलतो, आणि येथे आया-बहिणींनी विशेष लक्ष द्यावे. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शेकडा चारवर गेला की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आपल्या घरांत जुमेरातला लोबान फिरवण्याची, अगरबत्ती लावण्याची रीत आहे. बॅटरीच्या कोनाड्यात ती नेऊ नये. बुच उघडून मेणबत्तीने आत डोकावणारे लोक आहेत, विडी ओढत पाणी घालणारेही आहेत. बॅटरी जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवू नये, मुले निजतात त्या खोलीत तर नकोच. हायड्रोजन हलका असतो, वर जातो, म्हणून झरोका वरच्या बाजूस हवा. काम करताना हातातले घड्याळ, अंगठी, बांगड्या काढाव्या आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी. तार काढताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण. आम्ल अंगावर उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावे. डोळ्यात गेले तर धुतल्यावर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

मशिदी, मदरसे आणि वसतिगृहे यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तेथे बॅटरी देणारे दाते सापडतात, तिला पाणी घालणारा माणूस नेमलेला नसतो. चार जमातींच्या मशिदींत मी स्वतः सुकलेल्या प्लेटी पाहिल्या आहेत. दुसरे म्हणजे तेथे माप रमजानवर ठरवतात : तरावीहला सगळे पंखे, वर लाऊडस्पीकर. रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. एप्रिल-मेमध्ये आला तेव्हा जे पंखे लागले ते, या दशकाच्या अखेरीस तो भर थंडीत येईल तेव्हा लागणार नाहीत. एका वर्षाच्या उकाड्यावर माप ठरवून जमातीचे पैसे अडकवू नयेत.

अशा सार्वजनिक जागांसाठी माझे मत लिथियमकडे झुकते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत उपसता येते, पाणी लागत नाही, आणि चांगल्या बनावटीची हजारो वेळा भरता येते. आपल्या उदाहरणातल्या घराला ती सुमारे ११० ॲम्पिअर-अवरची पुरेल. सुरुवातीला किंमत जास्त पडते, आणि कंट्रोलर व इन्व्हर्टरमध्ये तिच्यासाठी वेगळी सेटिंग असावी लागते. बाजारात मोटारींतून निघालेले जुने सेल जोडून केलेले बिनबिलाचे डबे स्वस्तात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. ज्या घरात कुणीतरी महिन्यातून अर्धा तास देऊ शकतो, तेथे ट्यूब्युलर अजूनही परवडते असे मला वाटते. जेथे कुणी देणार नाही, तेथे दोन वेळा ट्यूब्युलर बदलण्यापेक्षा एकदाच लिथियम बरी.

निकामी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. पुष्कळदा तो आम्ल गटारात ओततो आणि प्लेटी उघड्यावर वितळवल्या जातात. शिसे मातीत, धुरात मिसळते आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. रक्तात किती शिसे असले तर चालेल, अशी सुरक्षित मर्यादा नाही असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या मुलांच्या अभ्यासासाठी बॅटरी आणली, त्यांच्याच डोक्याचे नुकसान तिने का करावे? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या. किमतीत वजावटही मिळते.

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन हायड्रोमीटर आणून ठेवले आहेत आणि एक नोंदवही घातली आहे. नववीच्या ज्या मुलामुलींच्या घरी बॅटरी आहे, त्यांनी वडिलांना, चाचांना किंवा मोठ्या भावाला सोबत घेऊन, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालून, सहा घरांचे सहा आकडे लिहून आणावेत. हायड्रोमीटर शनिवारी दुपारी न्यावा आणि सोमवारी सकाळी, साध्या पाण्याने तीनदा धुऊन, परत करावा. ज्यांच्या सहांपैकी एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा तीस पॉइंटांनी खाली असेल आणि ज्यांची वॉरंटी अजून चालू असेल, त्यांनी कार्ड घेऊन मला भेटावे. दुकानदाराला लिहावयाचा अर्ज मी लिहून देईन. तो तर मराठीचाच विषय आहे.